पुढचं मासेवाल्याच्या कागदावर

गुरुवारी सकाळी सात वाजता तोकुजी हायाशिदांनी पातेल्यातली एक अळकुडी फुंकून तोंडात टाकली, डोळे मिटून चावली आणि गॅस बंद केला. ही चौदावी खेप. अळकुडी मऊ होती, चकचकीत होती, चवीलाही काही वाईट नव्हती. फक्त ती त्यांच्या बायकोच्या, फुसाएच्या हातची नव्हती.

फुसाएला जाऊन त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. ओनो गावच्या बाजारात नव्या अळकुड्या आल्या की ती त्या साखर आणि सोया सॉस घालून, रस पार आटेपर्यंत शिजवायची. गरिबाघरचा पदार्थ, पण तोकुजी तीन वाट्या भात त्याच्याबरोबर हाणायचे. आज तिच्या फोटोसमोर तश्शाच अळकुड्यांची बशी ठेवायची, असं त्यांनी महिनाभर आधी ठरवलं होतं. सोया कमी करून पाहिला, वाढवून पाहिला, साखरेचे चमचे बदलले. चव काही केल्या दाराशी येई आणि आत न येता परत जाई.

बरं, विचारायचं कुणाला? फुसाए असताना तोकुजी स्वयंपाकघरात शिरायचे ते फक्त जेवायला. आणि बसले की पहिला हात सोयाच्या बाटलीवर. ताटात काय आहे हे न बघताच त्यावर ओतायचे. "आधी चाखून तरी बघा हो!" हे वाक्य फुसाएने बेचाळीस वर्षं रोज म्हटलं, आणि तोकुजींनी बेचाळीस वर्षं रोज या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. ती गेली त्या आठवड्यात मात्र त्यांनी टेबलावरची ती बाटली फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून दिली; सोया आता फक्त पातेल्यात, दुसऱ्या बाटलीतून. जिवंतपणी ऐकलं नाही, निदान आता तरी ऐकू, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

पंधराव्या खेपेसाठी ते अळकुड्या सोलायला बसले. सालं टाकायला शेजारी कागदी डबी होती. फुसाएच्या घरात कागद कधी वाया गेला नाही. पेपरातून दुकानांच्या जाहिराती यायच्या, त्यांच्या ती टीव्ही बघता बघता डब्या घडवायची. दिवसभराची सालं, काटे, चहाचा चोथा डबीत टाकायचा आणि डबीसकट कचऱ्यात. ती गेली तेव्हा कपाटात डब्यांची दोन पोती निघाली होती. तोकुजी दोन वर्षं रोज एक डबी वापरत आले, आणि पोतं रिकामं होत चाललं तसा त्यांचा हात जड होऊ लागला. गेल्या आठवड्यात शेजारच्या किनुयोबाईंनी पर्सिमॉनची फळं सोलून वाळवायला काढली, तेव्हा पन्नासएक डब्या मागून नेल्या. भिडेपोटी दिल्या खऱ्या, पण दोन रात्री झोप लागली नव्हती. आता उरल्या होत्या अकरा.

ओल्या सालांनी डबीचा तळ सुटला. घडी उलगडली आणि घडीत दडलेल्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीचं अक्षर दिसलं. फुसाएचं.

"अळकुड्या एक किलो. आधी मिठाने चोळायच्या, दोनदा पाणी बदलायचं. सुक्या मासळीचं पाणी बुडेल इतकं. साखर तीन चमचे. सोया" आणि तिथे कागद संपला होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात: "पुढचं मासेवाल्याच्या कागदावर."

तोकुजींच्या हातातली सुरी खाली पडली. त्यांनी जन्मभर नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचले होते. साऱ्या गावाचे आकडे वाचले, आणि घरातलं हे अक्षर दोन वर्षं माशांच्या काट्यांसकट कचऱ्यात फेकलं.

त्यांनी धावत जाऊन उरलेल्या दहा डब्या उलगडल्या. प्रत्येकीत काहीतरी होतं. "काकड्या. ह्यांनी 'हं' म्हटलं." "भोपळा. दोनदा 'हं'. पुन्हा करायचा." "आज ह्यांनी 'हं' पण म्हटलं नाही. मीटरवाल्यांची बढती हुकली असावी." मासेवाल्याच्या जाहिरातीचा कागद मात्र एकाही डबीला नव्हता. आधीच कचऱ्यात गेला नसेल, तर तो किनुयोबाईंकडे.

तोकुजी ॲप्रनवर, घरातल्या सपाता घालूनच धावत सुटले.

"किनुयो-सान! डब्या! माझ्या डब्या कुठायत?"

किनुयोबाई ओसरीच्या छताला पर्सिमॉनच्या माळा टांगत होत्या. "अहो, दिलेली वस्तू परत मागायला आलात? तेही असे ॲप्रन घालून? सगळ्या वापरल्या. काल रात्रीपर्यंत सोलत होते. आत्ताच पिशवी ठेवून आले कोपऱ्यावर."

"कचऱ्यात?"

"नाही, देवळात! सालं कुठे टाकतात?"

कचऱ्याची गाडी साडेआठला येते. सव्वाआठ झाले होते. कोपऱ्यावर कावळ्यांपासून राखायला अंथरलेल्या जाळीखाली गल्लीतल्या सगळ्यांच्या पिवळ्या पिशव्या नावानिशी मांडलेल्या होत्या. तोकुजींनी जाळी उचलली, किनुयोबाईंची पिशवी ओढली आणि गाठ सोडली. एवढ्यात मागून शिट्टी वाजली. गल्लीच्या कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी त्या महिन्यात कुरामोतोंची होती. कुरामोतो निवृत्त हेडमास्तर होते, पण ते अजून त्यांना कुणी पटवून दिलं नव्हतं.

"हायाशिदा-सान! दुसऱ्याची पिशवी! नियम चौथा!"

"माझी बायको आहे त्यात," तोकुजी म्हणाले.

कुरामोतोंची शिट्टी तोंडातच राहिली. उघड्या जाळीकडे पाहून तेवढ्यात दोन कावळे उतरले, त्यांच्यावर शिट्टी वाजवण्यात मास्तरांचा वेळ गेला, ते बरंच झालं. पण किनुयोबाईही मागोमाग धापा टाकत आल्या होत्या, आणि त्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीसाठी वरखाली होत होता.

"ठेवा ती! बाईमाणसाची पिशवी उघडता, लाज नाही वाटत? मी शोधून देते, तुम्ही व्हा बाजूला!"

"गाडी येईल, किनुयो-सान!" तोकुजींनी हात आत घातला. पर्सिमॉनच्या सालांबरोबर वर आलं प्लॅस्टिकचं एक रिकामं पाकीट. लाल सलगमाचं लोणचं, बाजारातलं, सवलतीच्या चिठ्ठीसकट. मागोमाग दुसरं. मग तिसरं.

तोकुजी पाकिटांकडे बघत राहिले. किनुयोबाईंचं घरचं लोणचं गल्लीत नावाजलेलं होतं. नववर्षाला प्रत्येक घरी त्या वाटीभर पोचवायच्या, आणि "सासूबाईंच्या हातची पद्धत" हेही वाटीबरोबर पोचायचं. इतक्या वर्षांची झाकली मूठ कचऱ्याच्या कोपऱ्यावर उघडी पडली होती. किनुयोबाई कानापर्यंत लाल झाल्या.

"आता सांगा गल्लीभर," त्या म्हणाल्या. "सांगा, सांगा."

हातात आलेली पुढची डबी तोकुजींनी घाईघाईने उलगडली. मासेवाला नव्हता, चपलांचं दुकान होतं. मीटर वाचायच्या सवयीने ते मोठ्यांदा वाचून गेले.

"'किनुयोने लोणचं दिलं. विकतचं आहे. गेली चार वर्षं विकतचंच असतं. बोलायचं नाही. नवरा गेल्यावर एकटीने घालायचं तरी कुणासाठी? वाटी परत देताना फार छान झालं म्हणून सांगायचं.'"

किनुयोबाईंनी ॲप्रनच्या टोकाला डोळे पुसले. "दर वर्षी म्हणायची," त्या म्हणाल्या. "दर वर्षी न चुकता म्हणायची, फार छान झालं." मग त्या सरळ रस्त्यावर मांडी घालून बसल्या आणि पिशवी स्वतःच्या हाताने उलटी केली. "मासेवाला ना? शोधा. मास्तर, उभे काय राहिलात? कावळे हाकला!"

सालांचा ढीग तिघांनी मिळून उपसला. कोपऱ्यावर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा किनुयोबाईंच्या हातात बांगड्यांचं चित्र छापलेला एक चिकट कागद होता. मासळीतले बांगडे, सोनाराच्या बांगड्या नव्हेत. तोकुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. आधी किनुयोबाईंना, मग मास्तरांना, आणि घाईत गाडीच्या ड्रायव्हरलाही.

घरी येऊन त्यांनी कागद ओल्या फडक्याने पुसला, खिडकीच्या काचेवर चिकटवला आणि चष्मा लावला. कागद वाळेपर्यंत अळकुड्या सोलून गॅसवर चढवल्या, पाणी उकळू लागलं. साखर पडली होती. काच उजळली तशी पेन्सिल दिसू लागली.

"सोया खरं तर चार चमचे. मी दोनच घालते. उरलेले दोन हे वरून ओततात, न चाखता. चार घातले तर ह्यांच्या पोटात सहा जातील. कच्च्या सोयाचा तो वास ह्यांना हवाच असतो. मी ओरडते, ते ओततात, आणि चव बरोबर होते. ह्यांना सांगायचं नाही."

तोकुजींनी ते तीनदा वाचलं. मग स्टूल आणलं, वर चढले, सगळ्यात वरच्या कप्प्यातून टेबलावरची ती बाटली काढली. झाकणाशी सोया वाळून घट्ट झाला होता. ते गरम पाण्याखाली धरून सोडवावं लागलं.

दोन चमचे सोया घालून अळकुड्या शिजल्या, रस आटला. त्यांनी एक बशी भरून फोटोसमोर ठेवली आणि दुसरी घेऊन स्वतः टेबलाशी बसले. काय आहे ते न बघता बाटली वाकडी केली आणि भरपूर ओतलं. मग, हात तसाच धरून, ते जरा थांबले. कान आपोआप गॅसच्या दिशेने लागले होते.

गॅसपाशी कुणी नव्हतं. दोन वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच एवढं लख्ख कळलं.

"आधी चाखून तरी बघा हो," तोकुजी स्वतःच म्हणाले, जरा मोठ्याने, तिच्याच चालीत.

मग त्यांनी अळकुडी तोंडात टाकली. सावकाश चावली. फोटोकडे बघून खाली मान घातली.

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा, "हं."