दीडशे वर्षांची कमान, वय बावीस

"दगडावर नुसता हात फिरवला की मला त्याचं वय कळतं," असं वास्तुतज्ज्ञ साहेब छातीठोकपणे सांगत. स्टेशनाच्या नूतनीकरणात त्यांनी तिकीटघरापुढच्या दोन्ही कमानींवर हात फिरवला आणि निकाल दिला. उजवी अस्सल, दीडशे वर्षांची, ती ठेवायची. डावी मागाहून केलेली नक्कल. ती आजच पाडून तिथून काचेच्या नव्या दालनाचं दार काढायचं.

गवंडीकाकांच्या हातातली थापी हातातच राहिली. उजवी कमान त्यांनीच तर बांधली होती! बावीस वर्षांपूर्वी मालाच्या ट्रकने जुनीला धडक दिली तेव्हा. डाव्या शेजारणीला शोभेल इतकी जुनी दिसावी म्हणून तिला चहाच्या पाण्याने धुतलंही होतं. खरी म्हातारी डावी; पण स्टेशनमास्तरांनी मध्यंतरी हौसेने घासून घेतल्यामुळे ती तरुण दिसत होती.

काका तोंड उघडणार, तेवढ्यात जतन समितीच्या अध्यक्षबाई आल्या आणि उजव्या कमानीपुढे चष्मा काढून उभ्या राहिल्या.

"काय हे सांधे! असे कारागीर आता जन्मत नाहीत."

काका उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःची स्तुती ऐकत होते, तीही श्रद्धांजलीच्या सुरात. आणखी थोडी ऐकावी असं फार वाटलं. पण डावीकडे दोघं मजूर पहारी सरसावून उभे होते, आणि ती एकदा पडली की पुन्हा तशी उभी करणं काकांच्या गुरूंच्या गुरूंनाही जमलं नसतं.

"बाई, ती मी बांधलीये."

साहेब हसले. बाईंनी मायेने विचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लंत का?"

"तिकीटघराच्या माळ्यावर चढा आणि तिला मागून बघा," काका म्हणाले.

साहेब चढले. उतरले तेव्हा डोक्यावर कोळ्याची जाळी होती आणि हातात कमानीच्या सांध्यातून ओढून काढलेला सिमेंटच्या प्लॅस्टिक गोणीचा तुकडा. दीडशे वर्षांपूर्वी प्लॅस्टिकच्या गोण्या नव्हत्या, हे त्यांनाही मान्य होतं.

डावी वाचली. दार आता उजवीकडून निघणार होतं, म्हणजे उजवी पाडणं आलं. आणि ती कुठून सुटेल हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसल्यामुळे ते काम काकांकडेच आलं. अंदाज एका दिवसाचा होता. सहा दिवस लागले, दोन पहारी वाकल्या. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'विलंबाचे कारण : मूळ गवंड्याने काम गरजेपेक्षा मजबूत केले.' खाली सही, शिक्का.

काकांनी त्याची प्रत मागून घेतली आणि चौकट करून घरात लावली. काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"तिरकी लागलीये," त्या म्हणाल्या.