सतरा नंबरची ओली संमती

आमच्या प्रयोगशाळेत फायबरची पट्टी मोडण्याआधी तिची लेखी संमती घ्यावी लागते. पट्ट्यांना अंगठा नसतो, म्हणून एक कोपरा शाईत बुडवून कागदावर उठवायचा. वीस वर्षं मी हेच करतेय. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ते आमच्याकडे रोज बघायला मिळतं. सतरा नंबर मात्र वेगळीच होती.

हरेश्वर तांडेलांच्या नव्या होडीतून ती कापलेली. दर्यातल्या कित्येक वर्षांची झीज लवकर दिसावी म्हणून चाळीस दिवस सत्तर अंशांच्या पाण्यात बुडून होती. रोज सकाळी मी तिचं वजन करायची. पाणी पिऊन ते वाढत गेलं, मग एकदाचं थांबलं. उष्णतेने आणि पाण्याने आतली राळ मऊ पडते, तंतूंवरची तिची पकड ढिली होते. तिची कोरडी बहीण नव्वद किलोला मोडली होती. ओलीने सत्तर पेलले की होडी पास.

नारळी पौर्णिमा आठवड्यावर आलेली. तांडेल माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "ताई, दोन दिवस हिला उन्हात टाका. वाळली की जोर येतो परत. हंगाम हुकला तर माझे पाच खलाशी घरी बसतील."

जोर येतो, हे खरं आहे. सगळा नाही, पण सत्तरपुरता आला असता. मीही माणूसच, मन पाघळलं. म्हटलं, हिलाच विचारू.

"दर्यात मला वाळत कोण घालणार?" सतरा नंबर म्हणाली. "ताई, शाई आणा."

मी शाई आणली. तिने ओल्या अंगानेच कोपरा उठवला, यंत्रावर आडवी झाली आणि एकसष्ट किलोला मोडली. एक किलोसुद्धा खोटा पेलला नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात मी तसं लिहिलंही.

होडी नापास झाली. पौर्णिमेनंतर गावातल्या सगळ्या होड्या दर्यात गेल्या, तांडेल किनाऱ्यावरून बघत राहिले. मग त्यांनी होडीला आतून दोन थर जास्तीचे चढवले आणि नवी पट्टी कापून आणली. उन्हाचं नाव काढलं नाही.

"चाळीस दिवसांचा नियम आहे," मी म्हणाले.

"साठ ठेवा," तांडेल म्हणाले.

"ऐंशी," पट्टी म्हणाली.

तांडेलांनी मान डोलावली. मी ऐंशी लिहिलं आणि पाणी तापत ठेवलं.