सहाने भागायचं राहिलं

सोमवारी कृष्णस्वामी सरांनी ऊर्मीच्या पेपरवर लाल शाईने भोपळा काढला, तो तिच्या हातात दिला आणि तिच्या आईच्या नजरेला नजर न देता घर गाठलं. ऊर्मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या खोलीबाहेर एके काळी पोरांच्या चपला जिन्यापर्यंत यायच्या. आता दर सोमवारी वेलचेरीला तिच्या घरी जाऊन शिकवायचं, एवढंच उरलं होतं. बाकी सहा दिवस त्यांच्याशी कोणी बोलत नसे. या भोपळ्याने सोमवारही जाणार, या धास्तीने त्यांना जेवण गेलं नाही.

पेपरात दहा मार्कांचं एकच समीकरण होतं, सगळे छत्तिसाचे छेद असलेलं. सरांना अपूर्णांक पाहवत नसत. क्षच्या सहापट य घ्यायचा की छेद पळालेच, हे त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं होतं. त्यांचं उत्तर होतं एक, दोन, तीन. आणि या मुलीने लिहिलं होतं एक छेद सहा, एक छेद तीन, एक छेद दोन. घालवलेले छेद पुन्हा घरात!

मंगळवारी सकाळी फिल्टरमध्ये कॉफीची पूड घालता घालता सर थबकले. एक, दोन, तीन हे य होते. विचारला होता क्ष. शेवटी सहाने भागायचं राहिलं होतं. त्यांनी क्षच्या जागी एक घालून पाहिला. शून्य यायला हवं होतं, दहा छेद छत्तीस आलं.

कॉफी तशीच टाकून ते वेलचेरीच्या लोकल गाडीत बसले. दार ऊर्मीच्या आईने, प्रमोदिनीबाईंनी उघडलं, आणि चक्क हसून.

"या सर! ऊर्मी म्हणाली, तिचा पायाच कच्चा आहे. म्हणून आता आठवड्यातून तीनदा या. तुमच्याऐवजी ऑनलाइन क्लास लावणार होते, ते मी रद्द केलंय."

त्यांच्या पाठीमागे उभी राहून ऊर्मी जोरजोरात मान हलवत होती. नको, सर, नको. पण सरांचा खरेपणा असा की एकदा सुटला की आवरत नसे.

"अय्यो, चूक तिची नव्हे अम्मा, माझी! मीच भागायला विसरलों. दहापैकी दहा तिला!"

प्रमोदिनीबाईंनी पेपर पुन्हा पाहिला. "म्हणजे सरांना जमलं नाही ते हिला जमलं?"

"हो!" सर अभिमानाने म्हणाले.

"मग हिला ट्यूशन कशाला हवी?"

लिफ्टपर्यंत ऊर्मी सोडायला आली.

"मला माहीत होतं सर, तुमचंच चुकलंय. तुमचं येणं बंद होऊ नये म्हणून तर गप्प बसले होते."

सरांना एकदम भरून आलं. चाळीस वर्षांत अशी विद्यार्थिनी मिळाली नव्हती, आणि मिळाली ती आज गेली.

"आता सोमवारी काय करणार तुम्ही?"

"पाहूं, कण्णा," सर लाडाने म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.