नुसता तुकडा तोंडाला लावा!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या बुरुलचानं मनात आणलं की डोंगरसुद्धा बाजूला सरकून वाट देतो! हे मी नाही म्हणत, अख्खं गाव म्हणतं. आमचे हे म्हणतात की डोंगर घाबरून सरकतो. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

तर झालं असं, जर्दाळूला फुलं आली होती त्या दिवसांत जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई नुरझादा आमच्या गावात आल्या. वयानं कालची पोर, पण आवाज असा की मास्तरांनीही खिशातले हात बाहेर काढले!

"या गावातली मुलं फोन घेऊन बसतात आणि मोठी माणसं चहा घेऊन बसतात," त्या म्हणाल्या. "बसण्यात कुणी कुणाला हार जात नाही! आता घराघरानं चालायचं, हलायचं, भूक असेल तेवढंच खायचं. जर्दाळू पिकले की मी परत येईन. ज्या गावातल्या कुटुंबांत फरक दिसेल, त्या गावाला मुलांसाठी खेळाचं मैदान मिळेल. झोपाळे, घसरगुंडी, चढायच्या दोऱ्या! पण जिल्ह्याला एकच मैदान आहे हं."

माझी नात अकमोर शेजारीच बसली होती. शाळेच्या चढावर ही पोर अर्ध्यात थांबते, छातीवर हात ठेवते आणि "दप्तर जड आहे" म्हणते. त्या दप्तरात पिठाचे तळलेले बोरसोक किती आणि पुस्तकं किती, ते मला ठाऊक आहे! दोऱ्यांचं नाव निघालं तशी तिनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली.

"आजी, त्यावर वरपर्यंत चढता येतं?"

झालं! मी ताडकन उभी राहिले. "मैदान आमचंच! हा बुरुलचाचा शब्द!"

लगेच सगळ्यांची वजनं झाली. शेजारच्या सायरानं काट्यावर चढण्याआधी कानातले डूलसुद्धा काढून ठेवले. आमचे हे, मेदेरबेक, मात्र डोक्यावरची उंच कल्पाक टोपी काढायला तयार होईनात.

"माणसाचं वजन करा, इज्जतीचं नको!" ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. शेवटी टोपीसकट वजन झालं.

आता मला विचाराल तर माणूस भाषणानं सुधारत नसतो. भाषण एका कानानं आत येतं आणि दुसऱ्या कानानं चहा प्यायला निघून जातं. पण तीच गोष्ट कुणी गाऊन सांगितली की ती काळजात घर करते. आमच्या शेरगाझीआजोबांनी कोमूझची तार नुसती छेडली तरी माझे डोळे आधी भरून येतात, अर्थ मागाहून कळतो. बोध गावा तर त्यांनीच! मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "आजोबा, मिताहारावर काहीतरी गा."

आजोबा गायले. पोट म्हणजे उधळलेलं शिंगरू, अल्लानं लगाम तुझ्या हाती दिलाय, तो सोडू नकोस रे माणसा! असा काही स्वर लावला की पुरुषमंडळींनी बाहीनं डोळे पुसले. सायरा तर एका हातानं रुमाल डोळ्यांना लावत होती आणि दुसऱ्या हातानं लाडू तोंडात टाकत होती.

"अगं, लगाम!" मी कुजबुजले.

"एजे, रडताना अशक्तपणा येतो हो!" ती म्हणाली. मला सगळं गाव थोरली बहीण मानतं, म्हणून एजे म्हणतं. मी सोडून दिलं.

माझी योजना अगदी साधी होती. रोज सकाळी गल्लीच्या खालच्या टोकाहून निघायचं, प्रत्येक फाटकाशी थांबून घरातल्यांना हाक मारायची, त्यांनाही सोबत घ्यायचं आणि वरच्या टोकापर्यंत चालायचं. शेरगाझीआजोबांनी फाटकाबाहेरच्या बाकावर बसून गाऊन आम्हाला निरोप द्यायचा. यात चुकण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा!

पहिल्या फाटकाशी थांबलो. सायराची जाऊ ताटलीत नान घेऊन बाहेर आली. सोबत साय, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा!

"नको गं, आम्ही वजन उतरवायला निघालोय," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "दारात आलात आणि भाकरीला पाठ दाखवून जाणार? नुसता तुकडा तोंडाला लावा!"

आता सांगा! दाराशी आलेल्यानं घरातल्या भाकरीचा घास घेतल्यावाचून जायचं नाही, ही आमची रीत. भाकरी म्हणजे अल्लाची देणगी. जमिनीवर पडलेला कण उचलून कपाळाला लावणारी मी, ती नाही कशी म्हणणार? बिस्मिल्ला म्हटलं आणि तुकडा घेतला. कोरडा तुकडा घशात अडकतो, म्हणून साय लावली. नुसती साय खाणं गावंढळ दिसतं, म्हणून मुरंबा!

दुसऱ्या फाटकाशी तेच. तिसऱ्याशी तर ताजं तळण होतं! गल्लीच्या वरच्या टोकाला पोचेपर्यंत आमचा जथा दुप्पट झाला होता, माणसांनी आणि पोटांनीही.

त्यात मुलांचा वेगळाच धिंगाणा. आनंदाची खबर आधी आणणाऱ्याला काहीतरी द्यायचंच, हा आमचा रिवाज. मग काय! कार्टी आमच्या पुढे धावत सुटायची. "पाहुणे आले! खबरीची भेट द्या!" कुणाला रिबीन मिळे, कुणाला पेन्सिल, कुणाला नुसती पाठीवर थाप. लगेच पुढचं फाटक! तिथून परत, मग आडव्या बोळानं पुन्हा वर! अकमोर सगळ्यांत मागे असायची, पण धावायची.

"अगं, जरा थांब, तूही तुकडा खा!" मी ओरडायची.

"वेळ नाही, आजी! तो बुटका माझ्या आधी पोचेल!"

"बघा," मी सायराला म्हणायची, "घडीभर जागेवर ठरत नाहीत. कसा व्हायचा उपक्रम यशस्वी?"

आठवडाभरात माझ्या घागऱ्याचं बटण तुटून कोंबडीला लागलं! मी ठरवलं, गल्ली बदलायची. दुसऱ्या गल्लीनं गेलो. संध्याकाळी पहिल्या गल्लीतल्या बायका दारात हजर!

"का हो एजे, आमची भाकरी आंबट झाली का?"

आता रोज दोन्ही गल्ल्या! मग मी शेताकडची वाट धरली. तिथं मधवाला राहतो. मधवाल्याच्या दारात काय होतं ते मी सांगत नाही, तुम्ही समजून घ्या.

जर्दाळू पिवळे पडले. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, परवा येते. आमचे हे पट्टा बांधायला बसले तर भोकं संपलेली! अकमोर मात्र मैदानात घसरगुंडी कुठं आणि दोऱ्या कुठं, ते अंगणात काडीनं रेघा ओढून दाखवत होती. पोरीला शब्द दिला होता ना मी!

पण बुरुलचा हार मानते की काय! मी बायकांना गोळा केलं. "उद्या पहाटे निघायचं. डोक्यावरून रुमाल घट्ट. माना खाली. कुणाशी बोलायचं नाही, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, म्हणजे कुणी बोलावणार नाही!" आणि शेरगाझीआजोबांना सांगितलं, "उद्या तेवढं गाऊ नका. तुमचा आवाज ऐकला की फाटकं उघडतात."

पहाटे आम्ही निघालो. पन्नासभर बायका, खाली माना, मुकाट्यानं! पहिलं फाटक बंद. दुसरं बंद. मी मनात अल्लाचे आभार मानले.

तेवढ्यात मागून हंबरडा ऐकू आला.

"हाय रे, माझ्या भावा! गेलास रे!"

अहो, इतक्या बायका रुमाल ओढून पहाटे मुक्यानं चालल्या म्हणजे गावानं दुसरं काय समजायचं? आणि कोण गेलं, हे समजायलाही वेळ लागला नाही. रोज गाणाऱ्या आजोबांचा बाक रिकामा होता! पुरुष छाती पिटत त्यांच्या घराकडे धावले. घरोघरी तेल तापलं, मेलेल्याच्या नावानं सात-सात भाकऱ्या तळल्या गेल्या. आमच्या ह्यांनी तर आजोबांच्या दारात असा टाहो फोडला की कुत्रं भिंतीवरून पळालं!

दार उघडलं. खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालाला साबण, असे शेरगाझीआजोबा बाहेर आले.

"कोण गेलं?"

"तुम्ही!" आमचे हे हुंदका देत म्हणाले.

"मी? मला कुणी काही बोललं नाही!"

मग सायरा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एजेंनीच सांगितलं होतं, गाऊ नका म्हणून!"

आजोबांनी साबण पुसला, आभाळाकडे पाहिलं आणि गदगदून म्हणाले, "मी जिवंत आहे, याचे आभार मानायला नकोत का?"

मानायला हवेत की! बकरा कापला गेला. मग एकट्या बकऱ्याला वाईट वाटेल म्हणून दुसरा! तळलेल्या भाकऱ्या वाया कशा घालवायच्या? आजोबांनी मानाचं हाड पुढ्यात घेतलं, कोमूझ मांडीवर घेतला आणि मिताहाराचा बोध असा गायला, असा गायला, की आम्ही रडत रडत जेवलो. शिवाय निघताना प्रत्येकाच्या हातात घरी न्यायची पिशवी! ती नाकारली तर घरच्यांच्या वाट्याचा घास नाकारला असं होतं. मग ती नाकारणार कोण?

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई काटा घेऊन हजर.

सायरानं डूल काढले, बांगड्या काढल्या, मोजे काढले. काटा काही लाजला नाही. आमचे हे पुढे आले आणि, विश्वास ठेवा, त्यांनी आपण होऊन कल्पाक काढला! बूटही काढले. तरी काटा पुढेच! डॉक्टरीणबाईंनी काटा उचलून हलवून पाहिला.

"हा बिघडलाय का?"

"नाही बाई," मी म्हटलं, "आम्ही बिघडलोय." आणि सगळं सांगितलं. अकमोर माझ्या घागऱ्यामागे उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

"मास्तर कुठं आहेत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलं बोलवा."

"मी आणते!" म्हणून अकमोर सुटली. थेट शाळेच्या चढावर! मी नेहमीच्या जागेकडे बघत राहिले, आता थांबेल, आता छातीवर हात ठेवेल. थांबलीच नाही! वर गेली, मास्तरांना बाहीला धरून खाली घेऊन आली. धापा मास्तर टाकत होते.

मुलांची वजनं झाली. डॉक्टरीणबाई एकेकाला तपासताना हसायला लागल्या. "ही तर छान आहेत! यांना काय केलंत तुम्ही?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "नुसती ओरडत होते, की धावू नका, खायला या."

"मैदान मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी नाही," त्या म्हणाल्या. "मैदान तुमचं!"

अकमोरनं मला मिठी मारली. तिचे हात माझ्याभोवती पूर्ण पोचले नाहीत, पण तो दोष तिचा नव्हता. मी मान ताठ केली. बुरुलचाचा शब्द म्हणजे शब्द! काय म्हणाले होते मी?

"आणि बुरुलचा-एजे," डॉक्टरीणबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, "तुमच्या गावाचं हे यश बाकीच्या गावांना कळायलाच हवं. पुढच्या महिन्यापासून तुम्ही जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात जायचं. घरोघरी, अगदी प्रत्येक दारात थांबून सांगायचं!"

गाडी गेली. आमच्या ह्यांनी कल्पाक डोक्यावर चढवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले,

"घागरे आत्ताच शिवायला टाक."