गंगारामचा भरवशाचा ब्रेक

बायकोने एकदा आपल्या सायकलवर मागे बसावं, एवढी एकच मागणी गंगारामच्या संसारात शिल्लक राहिली होती. बाकीच्या त्याने हळूहळू सोडून दिल्या होत्या. (भांडणात शेवटचा शब्द आपला असावा ही तर पहिल्याच महिन्यात.)

त्याचं असं झालं होतं, की लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला जाताना त्याने सुगंधाला जुन्या सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि सायकल घाटीत घातली. घाटी म्हणजे सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या, त्याच्या घरापासून खाडीकाठच्या तिच्या माहेरापर्यंत उतरणारी जांभ्या दगडांची वाट. तिथे बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. ब्रेक लागला नाही आणि नवी नवरी हिरव्या शालूसकट माहेरच्या काटेरी कुंपणात जाऊन बसली. काटे काढता काढता ती एवढंच म्हणाली, "आता तुमच्या मागे बसूचंय नाय."

हे तिने नऊ वर्षं पाळलं. माहेरी जायचं तर ती पुढे चालत आणि हा मागे. गंगारामला ते फार लागायचं. लोक हसायचे त्याचं काही नाही, हायस्कुलात कारकुनी करणाऱ्या माणसाला त्याची सवय असते. पण आपल्या बायकोचा आपल्यावर भरवसा नाही, हे त्याला जेवताना आठवायचं आणि घास घशाखाली उतरत नसे.

शेवटी २००७च्या पावसाळ्यात त्याने मन घट्ट केलं आणि डोंगरात चालणारी सायकल घ्यायला कुडाळ गाठलं. तिथल्या मितेशच्या दुकानात असल्या सायकली मिळायच्या.

"ब्रेक कुठला देऊ?" मितेशने विचारलं.

"विश्वासू," गंगाराम म्हणाला. (दुकानात शिरलं की तो शुद्ध बोलायचा.)

"दोन प्रकार आहेत. एकात रबराचे गुटके रिमला धरतात, पण चिखल लागला की घसरतात. दुसरा हा डिस्क ब्रेक. चाकाच्या मध्ये ही पोलादी चकती आहे ना, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. उभा उतार असो, दगड असोत, हा धरतोच."

"मागे माणूस बसलेलं असलं तरी?"

मितेशने एकदा सायकलकडे पाहिलं आणि एकदा गंगारामकडे. "साहेब, ह्या सायकलला कॅरियरच नसतो."

"मग बसवून घ्या. त्याच्याशिवाय ही घेऊन मी करू काय?"

मितेशने कपाळाला हात लावला आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली. सायकल पुढून परदेशी आणि मागून दूधवाल्याची दिसू लागली.

घरी आल्यावर गंगारामने ती अंगणात उभी केली. "ह्येका डिस्क आसा," तो ऐटीत म्हणाला.

"रिस्क आसा तर घेतलास कित्याक?" सुगंधा म्हणाली.

"रिस्क न्हय गो, डिस्क."

"ताच ता."

मग त्याने प्रयोग सुरू केले. नारळांचं पोतं कॅरियरला बांधून तो घाटी उतरू लागला. पोतं अगदी सुगंधाएवढं भरावं म्हणून त्याने तिला वजन विचारलं. (पुढचे दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.) पण ब्रेक खरोखरच धरत होता. वाटेल त्या धोंड्यावर सायकल जागच्या जागी थांबायची आणि एकही नारळ हलायचा नाही. सुगंधा हे सगळं ओटीवरून पाहत होती. एके दिवशी ती म्हणाली, "पुनवेक बाबांची होडी पाण्यात घालतले. तेव्हा बसान बघतंय." गंगाराम त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सासरे रामचंद्र आमंत्रण द्यायला आले. गंगाराम हायस्कुलात होता. म्हातारा जन्मभर मासेमारी केलेला, होडीच्या लाकडाला माशाचं तेल चोपडता चोपडता उठून आलेला, डबा हातातच. जावयाच्या नव्या सायकलच्या चकतीवर खाऱ्या हवेने तांबूस गंज धरलेला पाहून त्यांना वाईट वाटलं. एवढ्या मायेने घेतलेली वस्तू, लेक उद्या हिच्यावर बसून येणार. त्यांनी दोन्ही चकत्या आतून बाहेरून छान चोपडल्या आणि कुणाला काही न सांगता घर गाठलं.

सकाळी मांजर चाक चाटत होतं. मुक्या जनावरालासुद्धा चांगल्या वस्तूची पारख असते, असं गंगारामला वाटलं.

सुगंधा मागे बसली. मांडीवर करंज्यांचा डबा होता. तिचा हात क्षणभर त्याच्या पाठीला लागला आणि गंगारामचं मन भरून आलं. घाटीच्या तोंडाशी त्याने ब्रेक दाबला, पण काही झालं नाही. दोन्ही दाबले, तरी काही झालं नाही. आता कळलं तर ही घाबरेल, एवढाच विचार त्याच्या मनात आला.

"भिया नको गो," सायकल दगडांवरून उडत असताना तो म्हणाला, "मी मुद्दामच ब्रेक मारीत नाय."

मागून आवाज नाही.

"तेव्हा माझा चुकलाच. पण आता तुका परत पाडूचंय नाय."

तरीही आवाज नाही. गहिवरली असेल, असं वाटून त्यालाही गहिवरून आलं, आणि त्यामुळे समोर बांबूंवर वाळत घातलेली सासऱ्यांची जाळी त्याला दिसली ती आत शिरल्यावरच.

"गो, जावय गावलो," रामचंद्रांनी सासूबाईंना, गोदूबाईंना, हाक मारली.

"आधी सुगंधाक बघा," जाळ्यातून गंगाराम ओरडला, "ती मागे आसा."

सगळ्यांनी पाहिलं तर कॅरियर रिकामा होता. सुगंधा डबा सांभाळत एकेक धोंडा उतरून येत होती.

"पयल्याच धोंड्यार मी उतरलंय," ती म्हणाली. "वाटभर कोणाशी बोलत होतास?"

"चाक कसा सुरसुरीत चलता बघलास?" रामचंद्र कौतुकाने म्हणाले. "काल मी तेल चोपडलंय."

 सासऱ्याला गंगाराम काय बोलणार, आणि तेही त्यांच्याच जाळ्यात बसून. सुगंधा त्याच्या बोटांभोवतीची जाळी सोडवू लागली. सोडवता सोडवता हळूच म्हणाली, "काय म्हणत होतास ता? माका अर्धाच आयकाक इला."

त्याने ते पुन्हा सांगितलं. ती खाली मान घालून पुढची गाठ सोडवू लागली.

चिमट्यातल्या तेल प्यालेल्या पट्ट्या बदलाव्या लागतील आणि नव्या मुंबईहून यायला महिना लागेल, असं मितेशने कळवलं. पण पुढच्याच रविवारी सुगंधा पंजाबी ड्रेस घालून अंगणात आली आणि थेट सीटवर बसली. शाळेत असताना ती रोज सायकल चालवायची, हे गंगारामला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. (त्याने विचारलंच नव्हतं.)

"तुमी मागसून कॅरियर धरा," ती म्हणाली. "आणि सोडू नकात."

सुगंधा राणीसारखी घाटी उतरू लागली. मागे गंगाराम टाचा रोवून, घाम गाळत, कंबर धरली म्हणून पुटपुटत चालला होता. खाली वाडीतली काशीबाई लाकडं गोळा करत होती. तिने आधी सायकल पाहिली, मग त्याला.

"सुगंधा, ब्रेक नवीन घातलंस गो?"

"नाय गो, जुनोच आसा," सुगंधा म्हणाली. "वायच कुरकुरता, पण धरता बरो."