नऊ जण इंद्रायणीत

खंडेनवमीच्या सकाळी रहाटणीच्या ‘उमेद निवासा’त पाट मांडला होता, आणि त्यावर विळी, कात्री, मिक्सर, शिलाई मशीन अशी सगळी मंडळी हळदीकुंकू लावून बसली होती. नऊ दिव्यांगांचं हे घर. सुमनताई त्यांच्या ताई, आई आणि वेळ पडली तर फौजदारही. सणाचा दिवस असूनही ताईंच्या जिवाला घोर होता, तो मनगटी पट्ट्यांचा.

हे पट्टे पावसाळ्यात आले. कोण कुठे आहे ते समाजकल्याण खात्याच्या कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसावं, म्हणून सरकारी खर्चानं त्यांची चाचणी चालली होती. न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवून द्या, असे अर्ज करून ताईंच्या चपला झिजल्या, पण दांडीला निधी नव्हता. पट्ट्यांना होता.

आणि त्यात बळी जाणार होता रंगरावांचा. पन्नाशीचे रंगराव रोज सकाळ-संध्याकाळ एकटे डेअरीतून दूध आणत. साऱ्या घराचा चहा आपल्या किटलीवर अवलंबून आहे, याचा त्यांना कोण अभिमान! पण ते फाटकाबाहेर पडले की पट्टा बोंबलायचा. पाहणीला आलेल्या खात्याच्या मुकुंद साहेबांनी सांगूनच टाकलं, “दसऱ्यानंतर फाटकाला कुलूप लावा.” रंगरावांचा चेहरा एवढासा झाला. त्यांची समजूत काढायला साहेब म्हणाले, “अहो, ज्याची काळजी वाटते ना, त्याला हा पट्टा बांधायचा. मग तो हरवत नाही.”

रंगरावांनी ते नीट ऐकून ठेवलं.

तर पूजेसाठी ताईंनी पट्टेही काढून पाटावर ठेवले. यंत्र ते यंत्र, आजच्या दिवशी त्याला कामाला जुंपायचं नसतं. मंडळींनी ओवलेले झेंडूचे हार चाकणच्या एका कंपनीत पोचवायचे होते. टेम्पोवाला नवनाथ घाईत होता, म्हणून आधी टेम्पोची पूजा झाली. नारळ, लिंबू, हार सगळं रंगरावांनी हौसेनं केलं आणि नवनाथ टेम्पोतली गाणी दणाणून लावत गेला.

दुपारी पानावर पुरी पडते न पडते तोच फोन वाजला. कंट्रोल रूममधली करिष्मा धापा टाकत होती.

“मॅडम, तुमची नऊच्या नऊ माणसं पळालीत! मोशीच्या दिशेनं, साठच्या स्पीडनं!”

“अगं, सगळे माझ्यासमोर पुऱ्या खातायत. साठच्या स्पीडनंच खातायत.”

“पडद्यावर तसं दिसत नाही, मॅडम. अरे देवा! थांबले. नऊही जण इंद्रायणीत थांबले!”

ताईंनी पाटाकडे पाहिलं. विळी होती, कात्री होती. पट्टे नव्हते.

“रंगराव, पट्टे कुठायत?”

“नवनाथला बांधले. टेम्पोच्या हारात,” रंगराव पुरी मोडत शांतपणे म्हणाले. “त्याला रोज उशीर होतो. काळजी वाटते.”

ताईंना हसावं की कपाळ बडवावं कळेना. मोशीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं होतं, त्यात टेम्पो अडकला होता आणि पडद्यावर नऊ ठिपके भर नदीत निपचित पडले होते. ताईंनी करिष्माला सगळं समजावून सांगितलं. करिष्मा रडकुंडीला आली.

“पण मॅडम, सिस्टिममध्ये ‘हारात आहेत’ असा ऑप्शनच नाही. ‘हरवले’, ‘आजारी’ आणि ‘बुडाले’ एवढेच आहेत. मी ‘बुडाले’ दाबलंय.”

“मग साहेबांना फोन कर!”

“केला. लागत नाही. ते निघालेत. दोन अँब्युलन्स, एक क्रेन आणि बोटही निघाली.”

बोट निघाली खरी, पण ट्रकवर लादलेली बोट मोशीच्या त्याच ट्रॅफिकमध्ये अडकली. अँब्युलन्स बोटीमागे अडकल्या आणि क्रेन अँब्युलन्समागे. सगळ्यात पुढे, काहीएक पत्ता नसलेला नवनाथ मागचे भोंगे ऐकून शिव्या हासडत होता. सरकारी डिझेल जागच्या जागी जळत होतं. शेवटी मुकुंद साहेब गाडी सोडून नदीत उतरले, गुडघाभर चिखलात गेले आणि त्यांचा फोन पाण्यात पडला.

संध्याकाळी ताई दिवा लावत होत्या, तर फाटकातून रंगराव आले. एका हातात दुधाची किटली आणि दुसऱ्या हातात मुकुंद साहेबांचा हात! साहेबांची पँट चिखलानं माखली होती.

“डेअरीपाशी होते,” रंगराव म्हणाले. “घर सापडत नव्हतं. रडत होते.”

नऊ जण बुडाल्याची बातमी स्वतः जाऊन सांगायची, म्हणून साहेब रिक्षानं रहाटणीत आले होते; एरवी रस्ता ड्रायव्हरलाच ठाऊक, त्यामुळे गल्लीबोळांत फिरून फिरून दमले होते. आत पत्त्यांचा डाव रंगला होता. साहेबांनी माणसं मोजली. पुन्हा मोजली. मग मटकन पायरीवर बसले आणि त्यांचे डोळे परत भरून आले. वाईट नव्हता हो माणूस. ताईंचा राग तिथेच विरघळला. त्यांनी आधी चहा दिला.

तेवढ्यात नवनाथ आला. रंगरावांनी टेम्पोच्या हारातून स्वतःचा पट्टा सोडवला, सदऱ्याला पुसला आणि साहेबांच्या मनगटात अडकवला.

“काळजी वाटते,” ते म्हणाले.

साहेबांच्यानं तो काढवेना.

निघताना ताईंनी विचारलं, “साहेब, कुलपाचं काय करायचं?”

साहेबांनी बाहेरच्या अंधारलेल्या गल्लीकडे पाहिलं. “कुलूप लावलंत तर मला आकुर्डीच्या रिक्षापर्यंत कोण सोडणार?”

दसऱ्याच्या सकाळी रंगराव किटली घेऊन फाटकाबाहेर पडले, तेव्हा काहीसुद्धा बोंबललं नाही. बोंबलला तो ताईंचा फोन.

“मॅडम,” करिष्मा ओरडत होती, “तुमचे रंगराव पळाले! आकुर्डीत दिसतायत, भाजीबाजारात गोल गोल फिरतायत! गाडी पाठवू?”

ताईंनी फाटकाकडे पाहिलं. रंगराव दूध घेऊन परत येत होते, थेंबही न सांडता.

“काही नको, बाई,” त्या म्हणाल्या. “फिरू दे त्यांना मोकळं. येतील आपापले घरी.”