मावशींची सक्तीची सुटी

कामगार खात्याचे साहेब लाँड्रीच्या दारात उभे राहिले, तेव्हा मावशी कुणाच्या तरी चादरीत हनुवटीपर्यंत बुडाल्या होत्या. मावशी तशा कुणाच्याच मावशी नव्हत्या. शेजारच्या इमारतीत एकट्या राहायच्या. तीन वर्षांपूर्वी उशीचा एक अभ्रा धुवायला घेऊन आल्या, मशीन थांबेपर्यंत बसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रोजच येऊन सगळ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. कुणी बोलावलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

"ह्या कोण? कामगार?"

"छे हो, गिऱ्हाईक!" लाँड्रीवाला घाईघाईने म्हणाला.

गिऱ्हाइकाला कामगार कायदा लागत नाही. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मावशींची नजर साहेबांच्या कोटावरच्या शाईच्या डागावर पडली. "अगंबाई! काढा बघू," म्हणत त्यांनी कोट उतरवलासुद्धा आणि टर्रकन पावती फाडली. "गुरुवारी या."

साहेब नुसत्या शर्टावर. "गिऱ्हाईक पावत्या फाडतं?"

"नात्यातल्या आहेत," लाँड्रीवाल्याला घाम फुटला. घरच्या माणसांनाही कायदा लागत नाही, एवढं त्याने ऐकलं होतं.

"कोण लागतात?"

"आईची बहीण," तो म्हणाला.

"ह्याच्या वडिलांची मामेबहीण," मावशी त्याच क्षणी म्हणाल्या.

साहेबांनी पेन उघडलं. "म्हणजे कामगारच! पगार सुरू करा. आणि रविवारी सक्तीची सुटी. त्या दिवशी ह्या काम करताना दिसल्या, तर दंड."

पगाराचं मावशींनी ऐकलंच नाही. सुटीचं ऐकून मात्र त्यांचं तोंड एवढंसं झालं. "सुटी घेऊन मी करू काय, साहेब? घरी घड्याळाशिवाय आवाज नाही कुणाचा."

"ते कायद्यात येत नाही," साहेब कागदात बघत म्हणाले.

रविवारी मावशींनी सातला कपाट आवरलं. नऊला ते विस्कटून पुन्हा आवरलं. दहाला डोक्यात लख्ख उजेड पडला: बंदी कामगाराला आहे, गिऱ्हाइकाला कुठंय? धुतलेलाच अभ्रा पिशवीत कोंबून त्या तरातरा लाँड्रीत पोचल्या.

बाकावर आधीच कुणीतरी बसलं होतं. मांडीवर एकच रुमाल, तोही पांढराशुभ्र.

"साहेब? कोट तर गुरुवारीच नेलात ना?"

साहेब चोरी पकडली गेल्यासारखे उठले. "आज... मलाही सुटी असते."

मावशींनी त्यांच्या हातातला रुमाल घेतला, आपल्या अभ्र्याबरोबर मशीनमध्ये टाकला आणि सगळ्यात जास्त वेळ लागणारं बटण दाबलं.

"बसा," त्या म्हणाल्या.